ठसका

नांदेडच्या हॉटेलात, वरच्या मजल्यावरच्या गार हॉलमध्ये
सरांनी शिकवलं होतं :
पहिल्या मिनिटात ग्राहकाचं नाव तीनदा घ्यायचं.
‘मेल्यावर’ म्हणायचं नाही,
‘दुर्दैवानं काही झालंच तर’ म्हणायचं.
आकडा सांगितला की गप्प बसायचं.
मग जो आधी बोलेल, तो हरला.

मी वहीत सगळं उतरवून घेतलं
आणि सोमवारी धर्माबादला उतरलो.
टाय स्टेशनबाहेरच काढला, घडी करून खिशात.

भूमन्ना बन्नाळीकरांचं मिरची कांडप
मोंढ्यामागच्या बोळात.
दारातच हवा लाल.
पोत्यावर फडकं टाकून मला बसवलं,
मांडीवर लॅपटॉप, समोर ते, आणि मी सुरू झालो :
भूमन्ना, समजा, भूमन्ना,
उद्या दुर्दैवानं, भू–

ठसका.

असा, की पोटातलं गुडघ्यात आलं.
डोळ्यांतून धारा, नाकातून धारा,
पडद्यावर आकडा आपला उभा, पंधरा लाख,
आणि मी शिंकतोय.
खूप प्रॅक्टिस केलेली ती शांतता
अशी आली, फुकट.

लसमाबाईंनी मोटर बंद केली.
सकाळपासून पहिल्यांदा, नंतर कळलं.
तांब्या आणला, गुळाचा खडा आणला.
‘चघळा. बोलू नगा.’

मी बोललो नाही.
तोंडात गूळ असला की माणसाला बोलता येत नाही,
आणि बोलता आलं नाही की दिसायला लागतं :
मुसळांखाली साचलेला लाल थर,
पट्ट्याला मारलेली सुतळीची गाठ,
भूमन्नांचा डावा हात, धोतराच्या घोळात ठेवलेला,
दोन बोटं कमी.

मी त्यांचं नाव तीनदा घेतलं होतं.

‘बघू,’ ते म्हणाले.
आमच्याकडं ‘बघू’ म्हणजे नाही,
पाहुण्याला चहा पाजून सांगितलेलं नाही.

लसमाबाई पडद्याकडं बघत होत्या.
बाप, आई, दोन लेकरं, मागं मोटारगाडी.
‘हे कोण? तुमचे पावणे का?’
मी मान हलवली, नाही.
‘मग ह्यातला मरनार कोण म्हनायलात तुमी? ह्यो?
किती हसायलाय बिचारा.’

भूमन्ना हसले. मलाही हसू आलं,
गूळ घशात गेला, पुन्हा ठसका.

मग पदरानं मिरची झटकत, काही विशेष नसल्यासारखं :
‘आन् मी मेले तर?
मोटर म्या चालिवते. पोती म्या उचलते.
ह्येंचा हात पट्ट्यात गेला तवापासून
ह्ये निस्ता हिशेब लिहितेत.
चार जण येऊन गेले तुमच्यासारखे.
माझं कुनी वयबी इचारलं नाही.’

वय विचारलं.
थोरल्या पुराच्या साली, मिरचीच्या तोडीला.
आधारवर एक जानेवारी, अख्ख्या गल्लीसारखी.
व्यवसाय या रकान्यात माझ्या हातानं
सवयीनं ‘गृ’ लिहून टाकला होता.
तो खोडला. नीट खोडला.
वर लिहिलं, कांडप.
वारस?
‘ह्येंचंच लिवा,’ त्या म्हणाल्या. ‘दुसरं हाय कोन?’
आणि भूमन्ना उगाचच उठून
दाराबाहेर बघून आले.

पहिल्या हप्त्याच्या नोटा लाल होत्या.
शाखेतली कॅशियर बाई मोजता मोजता शिंकली.
आकडा पंधरा लाखांचा नव्हता, चारचा होता,
त्यांना झेपेल तेवढा. मीच खाली आणला.
पण त्या बोळातून पुढं वर्षभरात
एकोणीस जणी आल्या,
प्रत्येकीच्या व्यवसायाचा रकाना वेगळा.

यंदा त्याच गार हॉलमध्ये
मला शाल दिली, नारळ दिला, माईक दिला.
सर म्हणाले, सांगा, गुपित काय?
शंभर कोऱ्या वह्या माझ्याकडं बघत होत्या.

मी म्हणालो, गूळ.

टाळ्या पडल्या.
सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं :
गोड बोला.